मोडाफिनिलची गोळी सकाळी नेमकी किती वाजता घ्यावी?

फळा_खडू:
मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. रात्रभराची झोपेची तपासणी आणि दुसऱ्या दिवशीची डुलक्यांची चाचणी झाल्यावर मला नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी जागे राहण्यासाठी मोडाफिनिल 200 मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली असून चिठ्ठीवर ‘सकाळी एक’ एवढेच आहे. शाळा अकराला भरते, म्हणून मी साडेनऊला पोटभर नाश्ता करून गोळी घेते. पहिल्या दोन तासिकांना डोळ्यांवर इतकी झापड असते की फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता ओळ खाली घसरत जाते आणि मध्येच गणिताशी काही संबंध नसलेला एखादा शब्द उमटतो. मुलांनी ‘बाई’ म्हणून हाक मारली की मी भानावर येते. दुपारनंतर मात्र डोके स्वच्छ असते, आणि रात्री अकराला अंथरुणावर पडले की बराच वेळ डोळा लागत नाही. गोळी आधी घ्यावी का, उपाशीपोटी चालते का, आणि मात्रा दोन वेळांत विभागणे कितपत योग्य? महिनाअखेरीस डॉक्टरांची भेट आहे. त्यांना काय विचारावे हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

काढा_आणि_मात्रा:
ताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही, हे लक्षात ठेवून वाचावे.

उपाशीपोटी घेतल्यास मोडाफिनिलची रक्तातील पातळी दोन ते चार तासांत सर्वांत वर जाते. अन्नासोबत घेतल्यास शरीरात शोषले जाणारे एकूण औषध तेवढेच राहते, परंतु शिखर गाठायला सुमारे एक तास जास्त लागतो. म्हणजे साडेनऊच्या नाश्त्यासोबतची तुमची गोळी पूर्ण जोरात येते ती दुपारीच, आणि पहिल्या दोन तासिका तिच्या आधी संपलेल्या असतात. रात्रीचा त्रासही याच हिशेबातून येतो. या औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील पातळी निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण पंधरा तासांचे आहे, त्यामुळे रात्री अकराला त्याचा मोठा हिस्सा अजून रक्तात असतो. मला स्वतःला वाटते की वेळ ठरवताना शाळेच्या घंटेपासून नव्हे, तर झोपण्याच्या वेळेपासून मागे मोजत यावे.

मात्रा विभागण्याविषयी: सकाळी एक आणि दुपारी बाराच्या सुमारास दुसरी, अशा पद्धतीवर अभ्यास झाले आहेत आणि ज्यांना संध्याकाळी पुन्हा पेंग येते त्यांना तिचा उपयोग दिसला आहे. तुमची तक्रार त्याच्या नेमकी उलट आहे. तुमची दुपार चांगली जाते आणि रात्र बिघडते, म्हणून मात्रा तोडण्याऐवजी तीच गोळी लवकर घेण्याचा प्रश्न आधी विचारावा. मात्रा वाढवण्याचा विचार असेल तर 400 मिलिग्रॅमने 200 पेक्षा सातत्याने जास्त लाभ होतो असा पुरावा नाही, हेही माहीत असावे.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगणे मला आवश्यक वाटते. मोडाफिनिलमुळे संततिनियमनाच्या हार्मोनयुक्त गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि औषध थांबवल्यानंतरही महिनाभर ही अडचण राहते. गरोदरपणात तर ते टाळण्यासच सांगितले जाते. फिट्सवरील फेनिटॉइनसारख्या काही औषधांची पातळीही यामुळे बदलते. त्वचेवर पुरळ उठल्यास पुढची गोळी न घेता तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

पहाटगजर:
माझ्या मुलाला कॉलेजात असताना नार्कोलेप्सीचे निदान झाले. त्याच्या डॉक्टरांच्या संमतीने आम्ही असे करतो: रात्रीच उशाशी छोट्या डबीत एक गोळी आणि तांब्याभांडे ठेवतो, सहाला गजर झाला की तो उठून बसतो, गोळी घेतो आणि परत आडवा होतो. सातला खरा उठतो तेव्हा औषधाने काम सुरू केलेले असते, आणि नाश्ता त्यानंतर होतो. गोळ्यांची सबंध पट्टी आम्ही उशाशी ठेवत नाही, कारण अर्धवट झोपेत आपण गोळी घेतली की नाही हे त्याला आठवत नसे. रिकामी डबी पाहिली की शंका उरत नाही.

शिवाय त्याच्या डॉक्टरांनी दुपारी पंधरा-वीस मिनिटांची ठरलेली डुलकी औषधाइतकीच महत्त्वाची मानली. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत ती मिळत असेल, तर मुख्याध्यापकांना आजाराची लेखी कल्पना देऊन मागून घ्यावी.

पाळीची_बाई:
मी परिचारिका आहे आणि मला हे औषध नार्कोलेप्सीसाठी नव्हे, तर रात्रपाळीमुळे होणाऱ्या निद्राविकारासाठी दिले आहे. कुणी वाचून गोंधळू नये म्हणून लिहिते की आमची वेळ वेगळी असते: पाळी सुरू होण्याच्या साधारण एक तास आधी. अमेरिकेत नार्कोलेप्सीसाठी 1998 मध्ये मान्यता मिळाली आणि नंतर झोपेतील श्वासरोध व रात्रपाळी ही कारणे जोडली गेली; युरोपात 2011 पासून ते केवळ नार्कोलेप्सीपुरते ठेवले आहे. रात्रपाळीच्या कामगारांवरील चाचणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत झोपाळूपणा कमी झाला पण नाहीसा झाला नाही. म्हणूनच मी सकाळी घरी जाताना दुचाकी चालवत नाही, रुग्णालयाच्या बसनेच जाते.

ज्यांना घोरण्यासोबत श्वासरोध आहे त्यांनी गोळीमुळे बरे वाटते म्हणून रात्रीचे सीपॅप यंत्र (मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे) बाजूला ठेवू नये. गोळी घशातला अडथळा मोकळा करत नाही.

फळा_खडू:
सर्वांचे मनापासून आभार. उठल्याबरोबर, नाश्त्याआधी गोळी घेण्याविषयी आणि सुट्टीतल्या डुलकीविषयी मी डॉक्टरांना विचारेन. तोवर गोळीची, जेवणाची, पेंग येण्याची आणि झोप लागण्याची वेळ रोज वहीत मांडते. एकच शंका उरते: एखाद्या सकाळी गोळी राहूनच गेली आणि दुपारी आठवले, तर काय करावे?

काढा_आणि_मात्रा:
दुपार उलटून गेल्यावर आठवले तर सहसा त्या दिवशीची गोळी सोडून द्यावी आणि दुसऱ्या सकाळी नेहमीच्या वेळी एकच घ्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. त्या दिवशी गाडी चालवू नये, आणि शक्य असेल तर फळ्याजवळच्या तासिका कुणा सहकाऱ्याशी बदलून घ्याव्यात. वही डॉक्टरांकडे जरूर न्यावी; ‘सकाळी एक’ याऐवजी चिठ्ठीवर नेमकी वेळ लिहून घेण्यास तिचा फार उपयोग होईल.