घशात गोळा, तोंडाला कोरड: तुमचे अनुभव

तोंडाला कोरड पडणं आणि घशात गोळा अडकल्यासारखं वाटणं, दोन्ही मला एकदमच सुरू झालं. नुसता आवंढा गिळला की गोळा जाणवतो, जेवताना मात्र गायब! तपासण्या नॉर्मल. 'काही नाहीये' ऐकून बरं वाटतं, पण गोळा आहेच. कुणाला झालंय का असं? सविस्तर लिहा.

*

जेवताना गायब होतो ना? मग निम्मी काळजी सोडा. ईएनटीवाल्या डॉक्टरांनी मला आधी हेच विचारलं. मग नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिलं (दुखत नाही, डोळ्यांतून पाणी मात्र घळाघळा येतं) आणि म्हणाले, हा ग्लोबस, म्हणजे घशात काही नसताना गोळा जाणवणं. अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळलेला राहिला तर असं वाटू शकतं. त्यात आपण, गोळा गेला का बघायला सारखा आवंढा गिळतो. तोंडात लाळ नसताना गिळलं की तो आणखीच जाणवतो. गिळावंसं वाटलं की घोटभर पाणी घ्यायचं आणि खाकरायचं नाही, एवढंच सांगितलं. खाकरणं सोडणं महाकठीण! पण फरक त्यानेच पडला.

*

मला ॲसिडिटी समजून गोळ्या दिल्या होत्या. काडीचा फरक नाही.

*

माझी जीभ रात्री टाळूला चिकटायची, त्यानेच जाग यायची. ॲलर्जीची गोळी रोज चालू होती, शिवाय झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन. दोन्हींनी लाळ कमी होते. डॉक्टरांनी एक बदलून दिली (आपल्या मनाने बंद करू नका). एरवी दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते म्हणे. ती आटली की दात किडतात. माझे हिरडीलगत किडायला लागलेच होते. अल्कोहोलवाला माउथवॉश बंद केला, बिनसाखरेचं च्युइंगगम चघळते.

*

डोळेही कोरडे आहेत का? माझ्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, सांधे दुखायचे. सगळे म्हणायचे, टेन्शन घेऊ नकोस. शेवटी श्योग्रेन निघाला (शरीराची प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते, तो आजार).

*

माझं टेन्शनच होतं बुवा. नोकरी बदलली, गोळा गेला.

*

सगळंच टेन्शनवर ढकलू नका. घास अडकणं, वजन उतरणं, एकाच बाजूला दुखणं, मानेला गाठ लागणं, यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही.

*

आवाज बसला असेल तर? माझा महिनाभर बसलाय. सिगारेट आहे.

*

मग इथे विचारत बसू नका, उद्याच घसा दाखवून या. आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर दुर्बिणीने बघतातच.