गाडी बंद, पर्यायी बस चालू : तुमचे अनुभव लिहा

आमच्या मार्गावर तीन आठवडे झाले रुळांचं काम चालू आहे, शनिवार-रविवार गाड्या बंद आणि त्याऐवजी बस. काम व्हायलाच हवं, रूळ झिजतात, खालची खडी बसते, वरच्या तारा बदलाव्या लागतात, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण ज्याला गाडीने ४० मिनिटं लागतात त्याला परवा मला २ तास १० मिनिटं लागली आणि त्यातला पाऊण तास तर बस नक्की कुठून सुटते हे शोधण्यातच गेला. स्टेशनच्या दारावर कागद चिकटवलेला, त्यावर नुसता बाण, आणि बाणाच्या दिशेने गेलं की पुढे रस्त्याला दोन फाटे. विचारायला माणूस नाही. बसचा राग नाही मला, कोणी काहीच सांगत नाही त्याचा आहे. तुमच्याकडे काय होतं ते लिहा. कुठे नीट झालं असेल तर तेही लिहाच.

*

साधा हिशोब आहे हो. आठ-दहा डब्यांच्या गाडीतून गर्दीच्या वेळी हजारभर माणसं सहज जातात. बसमध्ये सीट ४०-५०, उभे धरून ७०-८०. म्हणजे एका भरलेल्या गाडीमागे बारा-पंधरा बस लागणार. आमच्यासाठी दोन आल्या.

*

माझी आई व्हीलचेअरवर असते. आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, रॅम्प असलेली बस येईल असं सांगितलं. आली ती लांब पल्ल्याची उंच बस, दारातच चार पायऱ्या. ड्रायव्हर बिचारा म्हणाला मी उचलून घेतो, पण आईला असं कोणी उचललेलं अजिबात चालत नाही आणि चालू पण नये, ती काय सामान आहे का? मग म्हणे टॅक्सी पाठवतो. दीड तास बसलो, टॅक्सी आलीच नाही, आम्ही घरी परत गेलो. डॉक्टरांची वेळ दोन महिन्यांपूर्वी घेतलेली होती.

*

वरचं वाचून वाईट वाटलं ताई. मला दिसत नाही, त्यामुळे मी गाडीत स्टेशनं मोजत जातो, शिवाय अनाउन्समेंट असते. पर्यायी बसमध्ये अनाउन्समेंट नाही, आणि स्टेशन मुख्य रस्त्यापासून आत असलं की बस आत वळते, परत बाहेर येते, तीन-चार वळणांनंतर मला दिशाच राहत नाही. ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, तो विसरला. शेवटच्या थांब्यावर उतरलो तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या तुमचं स्टेशन मागेच गेलं की. त्या माझ्याबरोबर परतीच्या बसपर्यंत आल्या, त्यांची स्वतःची पुढची गाडी चुकली.

*

लहान मूल, अडीच तासांचा प्रवास, बसमध्ये टॉयलेट नाही. एवढंच लिहिते.

*

मी ड्रायव्हर आहे, अशा ड्युट्या बऱ्याच केल्यात, म्हणून आमच्या बाजूचं सांगतो. बहुतेक वेळा आम्ही दुसऱ्या डेपोतून आलेलो असतो, हातात स्टेशनांच्या नावांची यादी देतात, रस्ता कोणी दाखवत नाही. रूळ सरळ जातात, रस्ता तसा जात नाही, काही स्टेशनांसमोर तर बस वळवायलाच जागा नसते. एकदा पुलाची उंची कमी निघाली, मी वेळेवर पाटी बघितली म्हणून बरं, नाहीतर छत गेलं असतं. मागे घेताना मागच्या सगळ्या गाड्या अडकल्या आणि आतले लोक माझ्यावर ओरडले. ठरलेल्या ब्लॉकला निदान आधी तयारी करता येते, पण अचानक तार तुटली, सिग्नल गेला, तर बस आणायच्या कुठून? सकाळी सगळ्या बस आपापल्या फेऱ्यांवर असतात, मोकळी बस आणि मोकळा ड्रायव्हर दोन्ही एकदम मिळत नाहीत. आमच्या तासांना पण मर्यादा असते, ती संपली की थांबावंच लागतं, मग लोकांना वाटतं मुद्दाम उतरवलं.

*

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, ही बाजू खरंच माहीत नव्हती. आमच्याकडे एकदा नीट झालं होतं ते सांगते. बसच्या दाराशी एक बाई उभ्या होत्या, प्रत्येकाला आधी विचारत होत्या कुठे उतरणार. लांबच्यांना वेगळी बस, ती मधे कुठेच थांबणार नाही, आणि मधल्या स्टेशनांवाल्यांना दुसरी. नुसतं तेवढं केलं तर आमचे २५ मिनिटं वाचले, कारण एरवी प्रत्येक बस प्रत्येक स्टेशनात शिरत बसते, कोणी उतरणारं नसलं तरी. पुढच्या महिन्यात परत ब्लॉक होता तेव्हा त्या बाई नव्हत्या, मग परत तोच गोंधळ.

*

सायकल घेत नाहीत. पण वेबसाइटवर गाडीची वेळ तशीच, सायकलचं चिन्हसुद्धा तसंच दिसत होतं. २२ किलोमीटर चालवत गेलो.

*

मी हॉस्पिटलमध्ये नाइट करते. गेल्या महिन्यात परतताना बस जंक्शनला ४ मिनिटं उशिरा पोचली आणि पुढची गाडी आमच्या डोळ्यांदेखत सुटली, बसमध्ये तीसेक जण त्याच गाडीचे होते. नंतर स्टेशनात विचारलं तर कळलं की बस कुठे पोचलीय हे गाडीवाल्यांना दिसतच नाही, दोघांचे कंट्रोल वेगळे. ड्रायव्हरकडे त्या स्टेशनचा एक फोन नंबर असता तरी भागलं असतं ना. मग दुसऱ्या बसने जायचं ठरवलं. पाऊस होता, थांब्यावर शेड नव्हती, आम्ही सहा जण हात करत होतो, बस आली आणि न थांबता गेली, आत जागा होती, मी स्वतः बघितली. पुढची ५० मिनिटांनी आली. घरी पोचले तेव्हा मुलगी शाळेत गेलेली होती.