शाल-नारळ कुणाच्या हातात?
राजकारणातल्या बायकांना हिणवायची ‘ही खोड एकाच पक्षाची’ असं म्हणतात, ते काही पटलं नाही. मे २०२२ मध्ये भाजपचे चंद्रकांत पाटील सुप्रिया सुळेंना घरी जाऊन स्वयंपाक करायला सांगत होते. २०२४ मध्ये ठाकरे सेनेच्या अरविंद सावंतांनी शिंदे सेनेच्या शायना एन.सी. यांच्या संदर्भात ‘माल’ शब्द वापरला. नंतर दोघांचीही दिलगिरी. हेतू नव्हता म्हणे. (हेतू कशाला लागतो, सवय पुरते!)

२०११ पासून राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. आमच्याकडेही सरपंच बाईच आहेत. पण आमदार आले की शाल-नारळ सरपंचबाईंच्या ‘ह्यां’च्या हातात, आणि बाई मागे चहाच्या ट्रेपाशी. आमदारसाहेब, पुढच्या खेपेला निदान सरपंच कोण एवढं तरी विचारून घ्या.