भाषिक अल्पसंख्याकांसाठी लोकसभेत राखीव जागा मागता येईल का?

कन्ना चौक:
आपला सोलापूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तशीच एखादी जागा पूर्व भागातल्या तेलुगू भाषकांसारख्या भाषिक अल्पसंख्याकांना मागता येईल का? अँग्लो-इंडियन (युरोपीय पितृवंशाच्या भारतीयांच्या) समाजाला दोन जागा होत्या ना?

सात रस्ता:
आजच्या घटनेत तशी तरतूद नाही. कलम ३३० फक्त अनुसूचित जाती-जमातींपुरतं आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी कलमं २९, ३० आणि ३५०-क आहेत, म्हणजे संस्कृती, स्वतःच्या शाळा आणि मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण.

अँग्लो-इंडियनांच्या जागा राखीव नव्हत्या, त्या नेमणुकीच्या होत्या. हा समाज देशभर विखुरलेला, कुठल्याच मतदारसंघात निवडून येण्याइतकी मतं नाहीत. म्हणून कलम ३३१ नुसार राष्ट्रपती जास्तीत जास्त दोघांना नेमत. १०४ व्या घटनादुरुस्तीनं अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांची मुदत २०३० पर्यंत वाढवली, नेमणुकीची वाढवली नाही. ती २५ जानेवारी २०२० ला संपली. सरकारनं तेव्हा २०११ च्या जनगणनेतला, देशात फक्त २९६ अँग्लो-इंडियन असल्याचा आकडा पुढे केला. समाजानं तो साफ नाकारला, पण तोवर उशीर झाला होता. म्हणून मागणीआधी मोजणी पक्की हवी.

होटगी रोड:
मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते मत कोण देणार हे. १९३२ च्या पुणे करारापासून आपल्याकडे संयुक्त मतदारसंघ आहेत: उमेदवार अनुसूचित जातीचा, मतदार मात्र सगळे. अगदी छोट्या समाजाला हीच पद्धत लावली तर त्याचा खासदार बाहेरचेच ठरवतील. स्लोव्हेनियात ९० पैकी एकेक जागा इटालियन आणि हंगेरियन समाजाला आहे. तिथे त्या मतदारांना दोन मतं असतात, एक सर्वसाधारण आणि एक समाजाच्या जागेसाठी. त्यासाठी वेगळी मतदारयादी लागते, आणि यादीत कोण बसतो यावरच खरी भांडणं होतात. आपल्याकडे सिक्कीम विधानसभेत ३२ पैकी एक 'संघ' जागा आहे. तिला फक्त मान्यताप्राप्त बौद्ध मठांतले भिक्खू-भिक्खुणी मत देतात. सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये ती वैध ठरवली, पण सिक्कीमच्या खास इतिहासामुळे. तिचा दाखला इथे चालेल असं धरू नका.

कन्ना चौक:
आणि सोलापूरच्या राखीव जागेवर परराज्यातला उमेदवार चालतो?

सात रस्ता:
लोकसभेला चालतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ४: कुठल्याही राज्यातल्या अनुसूचित जातीचा आणि देशात कुठेही मतदार असला की पुरे. मोहोळसारख्या राखीव विधानसभेला मात्र जात महाराष्ट्राच्याच यादीतली हवी आणि नाव राज्यातल्या मतदारयादीत हवं. विजयी उमेदवाराच्या निवडीला जातीच्या मुद्द्यावर आव्हान द्यायचं तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. नेमकी हीच मुदत लोक चुकवतात.