क्लोरोफॉर्म पोलर असूनही कार्बन टेट्राक्लोराइडच्या आधी का उकळतं?

बारावी_लातूर
नमस्कार सगळ्यांना, नीटची तयारी चालू आहे. कालच्या टेस्टमधे प्रश्न होता की क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड यात बॉइलिंग पॉइंट कुणाचा जास्त. मी बिनधास्त क्लोरोफॉर्म लिहिलं, कारण ते पोलर आहे (रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण, म्हणून रेणू एकमेकांना ओढतात) आणि टेट्राक्लोराइडचे चारही बॉन्ड पोलर असले तरी टेट्राहेड्रल आकारामुळे एकमेकांना कॅन्सल करतात, डायपोल मोमेंट, म्हणजे पोलॅरिटीचं माप, शून्य. चूक निघालं, चार मार्क गेले वर मायनस एक. घरी येऊन बघितलं तर क्लोरोफॉर्म ६१ अंशाला उकळतं आणि टेट्राक्लोराइड ७७ ला! सरांना विचारलं तर म्हणाले वजन जास्त आहे म्हणून. पण मग पोलॅरिटी शिकायची कशाला? आणि जड आहे म्हणून रेणूला उडायला जड जातं असं असतं का? पाठ करायचं नाहीये मला, समजून घ्यायचंय.

प्रयोगवही
प्रश्न फार चांगला विचारलास. मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते आणि दरवर्षी अर्धा वर्ग इथेच अडकतो.

आधी ते वजनाचं डोक्यातून काढ. जड पाणी घे, हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड प्रकार, ड्युटेरियम. रेणुभार १८ चा २० झाला, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त वाढला, पण उकळतं १०१.४ अंशाला, फक्त दीडएक अंशाचा फरक. कारण इलेक्ट्रॉन तेवढेच राहिले, दहाच्या दहा. खरा खेळ इलेक्ट्रॉनचा आहे, वजन सहसा त्यांच्यासोबत वाढतं म्हणून सगळे वजन वजन करतात.

इलेक्ट्रॉनचा ढग एका जागी गप्प बसत नाही. एखाद्या क्षणी तो जरा एका बाजूला झुकतो, तेवढ्यापुरता रेणू पोलर होतो, लगेच शेजारच्याचा ढगही त्याला जुळेल असा सरकतो आणि दोघांत ओढ तयार होते. हेच लंडन डिस्पर्शन फोर्स, फ्रिट्झ लंडनने १९३० मधे क्वांटम मेकॅनिक्समधून मांडलं. ढग जेवढा मोठा आणि सैल तेवढी ओढ जास्त. आता मोज, क्लोरोफॉर्ममधे ५८ इलेक्ट्रॉन, टेट्राक्लोराइडमधे ७४, शिवाय क्लोरीनचा ढग हायड्रोजनच्या मानाने कितीतरी मोठा आणि सहज हलणारा.

तुझी चूक कुठे झाली सांगू का, डिस्पर्शन फक्त नॉनपोलर रेणूंत असतं असं तू धरून चाललास. ते सगळ्यांत असतं. पोलर रेणूला डायपोलची ओढ वरून मिळते, आणि क्लोरोफॉर्मचं डायपोल मोमेंट जेमतेम १ डिबाय (ते मोजायचं एकक), त्या जोरावर १६ इलेक्ट्रॉनची तूट भरून निघत नाही.

सॉल्व्हंट_दादा
ताईंनी बरोबर सांगितलंय, मी फक्त पोलॅरिटी शिकायची कशाला याचं उत्तर देतो, कारण माझा रोजचा संबंध सॉल्व्हंटशी आहे. पोलॅरिटीचा परिणाम बघायचा तर इलेक्ट्रॉन जवळपास सारखे असलेले रेणू शेजारी ठेवायचे, नाहीतर एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात आणि काही कळत नाही. ब्युटेन, ॲसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घे. इलेक्ट्रॉन ३४, ३२, ३४. तिन्ही घरात असतात बरं का, गॅसच्या सिलिंडरमधे ब्युटेन, बऱ्याच नेलपॉलिश रिमूव्हरमधे ॲसिटोन, कितीतरी सॅनिटायझरमधे तिसरं. ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळतं, ॲसिटोन ५६ ला, अल्कोहोल ८२ ला. इलेक्ट्रॉन दोनने कमी असूनही ॲसिटोन ब्युटेनच्या ५६ अंश पुढे, ही पोलॅरिटीची कमाई. आणि अल्कोहोलचं डायपोल मोमेंट ॲसिटोनपेक्षा कमी आहे तरी ते सगळ्यात वर, कारण त्याच्यात ओ-एच आहे, हायड्रोजन बॉन्ड होतो, म्हणजे एका रेणूच्या ओ-एचचा हायड्रोजन शेजारच्याच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो.

बारावी_लातूर
खूप खूप धन्यवाद दोघांना!! म्हणजे एचसीएल, एचबीआर, एचआय (हायड्रोजनची क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीनबरोबरची संयुगं) मधे पोलॅरिटी कमी होत जाते तरी बॉइलिंग पॉइंट वाढतो, तेही हेच ना? आणि फ्लोरीनचं एचएफ एकदम १९.५ अंशाला ते हायड्रोजन बॉन्डमुळे?

प्रयोगवही
अगदी बरोबर. उणे ८५, उणे ६७, उणे ३५, इलेक्ट्रॉन १८, ३६, ५४.

आता घरी एक करून बघ. एका तळहातावर सॅनिटायझरचा थेंब घे, दुसऱ्यावर खोबरेलाचा. सॅनिटायझर हात गार करून बघता बघता उडतं, तेल रात्रीपर्यंत तिथेच. खोबरेलाच्या रेणूत ओ-एच नाही, पोलर भाग अगदी थोडा, बाकी सगळ्या लांबच लांब कार्बनच्या साखळ्या. शेकडो इलेक्ट्रॉन आणि डिस्पर्शन, एवढ्यावर ते धरून राहतं. थंडीत बाटलीत थिजतं ते पण त्यामुळेच, साखळ्या बहुतेक सरळ असल्याने एकमेकींना चिकटून बसतात. शेंगदाण्याच्या तेलात डबल बॉन्डमुळे साखळीला बाक येतो, नीट रचता येत नाही, म्हणून त्याच थंडीत ते पातळच राहतं.