मदत हवी आहे: अभ्यासिकेच्या वायफायवरून गाणी वाटल्याची तक्रार, लाइन तोडण्याचा इशारा

नमस्कार मंडळी,

नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत माझी छोटी अभ्यासिका आहे. चाळीसेक मुलं, बहुतेक एमपीएससीची. सटाणा, पेठ, सुरगाण्याकडून आलेली. ब्रॉडबँड माझ्या नावावर, पासवर्ड फळ्यावर.

सोमवारी ब्रॉडबँडवाल्यांचा मेल आला. तुमच्या कनेक्शनवरून टॉरेंटने (लोक एकमेकांना थेट फायली पाठवतात ती पद्धत) एक अल्बम वाटला गेला, पुन्हा तक्रार आली तर लाइन बंद. फोन केला तर "वरून आलंय" एवढंच उत्तर. लाइन गेली तर मुलांच्या ऑनलाइन टेस्ट अडतील, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

मेलमध्ये आयपी पत्ता (इंटरनेटवर कनेक्शन ओळखायचा क्रमांक) आहे आणि वेळ १८:४० यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १२:१०. अभ्यासिका ११ ला बंद होते, राउटर मात्र चालू राहतो. मग शेजारच्या इमारतीतल्या कोणाला पासवर्ड मिळालाय का? की घोळ त्यांच्याकडचाच? आमच्या भागात एकच पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो, हे त्यांच्याच लाइनमनने सांगितलं होतं. मग पोर्ट नंबर (एकाच आयपीवरच्या ग्राहकांतला नेमका कोण हे ओळखायला लागणारा आकडा) नसताना तो ग्राहक मीच, हे कशावरून ठरवलं? मेलमध्ये पोर्टचा उल्लेखच नाही.

गाणी अशी फुकट उचलणं मला पटत नाही. माझा मावसभाऊ रेकॉर्डिंगला तबला वाजवतो, त्याचं पोट त्यावर आहे. मुलांना मी बसवून सांगितलंय, पासवर्डही बदललाय. पण पुरावा न दाखवता शिक्षा देण्याचं काम लाइन देणाऱ्याने का करावं? आयटी कायद्याचं कलम ७९ त्यांना नुसते वाहक म्हणून ग्राहकांच्या कृत्यांच्या जबाबदारीपासून अटींवर संरक्षण देतं. फ्रान्सने २००९ मध्ये तीन इशाऱ्यांनंतर लाइन तोडण्याचा कायदा केला होता, तसा कायदा आपल्याकडे नाही. २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने गाण्यांच्या १०४ साइट बंद करायला लावल्या, पण तो आदेश साइटवर होता, ग्राहकांवर नव्हता.

कनेक्शन घेताना सही केलेल्या फॉर्मात "बेकायदा वापर झाल्यास सेवा बंद" अशी ओळ आहे. तेवढ्यावर ते तोडू शकतात का? मूळ तक्रार आणि त्या रात्रीचा लॉग (आयपी कोणाकडे होता याची नोंद) मी लेखी मागितला तर द्यावाच लागेल का? शुक्रवारपर्यंत उत्तर पाठवायचंय. या कामातलं कोणी असेल तर मसुदा नजरेखालून घालाल का?