मदत हवी आहे: शाळेतले १४ टॅब पाचवी ते सातवीत फिरवायचे आहेत, व्यवस्था कशी लावावी?

नमस्कार मंडळी. नागपुरात कामठी रोडकडच्या एका मराठी शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी मिळून शाळेला १४ टॅब दिले, सगळे एकाच मॉडेलचे, आठ इंची, ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड ११, सिमची सोय नाही, फक्त वायफाय. वर्गात चाळीस-बेचाळीस पोरं, म्हणजे एका टॅबवर तिघं. कॉम्प्युटरचे वेगळे शिक्षक नाहीत, जे काय करायचं ते आम्हा दोघी-तिघींनाच मधल्या वेळेत करावं लागते.

टॅब आहेत पण वापरणं होऊन नाही राहिलं. तास ३५ मिनिटांचा. कपाट उघडून, टॅब वाटून, सगळ्यांवर एकच ॲप उघडेपर्यंत तासाचा मोठा भाग निघून जाते. मग कोणाची बॅटरी ४ टक्के, कोणाचं वायफाय तुटलेलं, आणि परवा तर एका टॅबची भाषा कोणीतरी कोरियन करून ठेवली होती. आता ती परत मराठी करायची तर भाषेचं बटण कोणतं हेच वाचता येत नाही, शेवटी बाजूला दुसरा टॅब उघडून ठेवला आणि वरून कितवी ओळ ते मोजत मोजत आत गेले तेव्हा सापडलं. तोपर्यंत घंटा झाली. असं दोनदा झालं की बाकीचे शिक्षक म्हणतात राहू द्या मॅडम, फळाच बरा, आणि टॅब पुन्हा कपाटात.

मला ते कपाटात जाऊ द्यायचे नाहीत. सहावीत अपूर्णांक घेताना मी पाहिलं ना, मागच्या बाकावरची एक पोरगी, वर्गात एरवी तोंड उघडत नाही, ती बाजूच्या दोघांना स्क्रीनवर बोट ठेवून सांगून राहिली होती की खालचा आकडा मोठा केला की तुकडा लहान होते, बघ. फळ्यावर मी हेच कितीतरी वेळा काढून दाखवलं असेल. म्हणून विचारते आहे, टॅब चांगले की वाईट यावर चर्चा नको, रोज वापरता येतील असं काय करू ते सांगा.

सगळ्यात मोठा घोळ खात्याचा आहे. सगळे टॅब एकाच जीमेल खात्यावर आहेत, ते ज्या सरांनी उघडलं त्यांची बदली संस्थेच्या गडचिरोलीकडच्या शाळेत झाली. कुठेही लॉगिन करायचं म्हटलं की कोड त्यांच्या फोनवर जाते, आणि त्यांना रेंज असली तर आमचं काम होते. एकाच खात्यामुळे सहावीनं जे शोधलं ते पाचवीच्या टॅबवर सुचवण्यात दिसते. आणि ज्याची मला खरी काळजी वाटते ते म्हणजे फोटो, पोरं एकमेकांचे फोटो काढतात आणि बॅकअप चालू असल्यामुळे एका टॅबवर काढलेला मुलीचा फोटो दुसऱ्या वर्गाच्या हातात उघडते. सध्या बॅकअप मी एकेका टॅबवर जाऊन बंद केला, पण कोणीही पुन्हा चालू करू शकते.

दोन टॅब तर पडूनच आहेत. कोणीतरी पॅटर्न लॉक टाकला, कोणी ते कबूल करत नाही, मग एका दुकानदाराने बटणं दाबून रीसेट मारून दिला, तर आता ते आधीचं गूगल खातं मागून राहिले, त्याच्या पुढे जातच नाहीत.

तर पोरांना सेटिंगमध्ये जाता येऊ नये आणि ठरलेली चार-पाच ॲपच दिसावीत असं फुकटात किंवा कमी पैशात होते का? खातं कोणाच्या नावाने असावं, म्हणजे माझीही उद्या बदली झाली तरी शाळेचं काम अडू नये? इंटरनेट आमच्याकडे एचएम (मुख्याध्यापक) सरांच्या ऑफिसात आहे, वर्गापर्यंत नीट पोचत नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला तर काही टॅब जोडलेच जात नाहीत. दीक्षा ॲपमध्ये बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर स्कॅन करून धडे उघडतात ते छान आहे पण १४ टॅबवर एकाच वेळी व्हिडिओ चालत नाही. आणि चार्जिंगचं काय करता तुम्ही लोक? आमच्याकडे एक एक्स्टेंशन बोर्ड आणि चार्जरचा गुंता आहे.

प्रतिसाद

मॅडम, मी एका प्रशिक्षण केंद्राचे टॅब सांभाळतो, तुमचं जे चाललंय ते सगळं आमच्याकडे होऊन गेलं आहे. तुम्हाला एमडीएम लागेल, म्हणजे एका ठिकाणी बसून सगळ्या टॅबवर नियम लावायचं सॉफ्टवेअर. मॅनेजइंजिनचं २५ डिव्हाइसपर्यंत फुकट आहे, तुमचे १४ त्यात आरामात बसतात. हेडविंड नावाचं ओपन सोर्सही आहे पण त्याला स्वतःचा सर्व्हर लागतो, तुमच्याकडे ते बघणारं कोणी नाही तर त्याच्या नादी लागू नका.

ॲप टाकून नुसती परवानगी देऊन काम होत नाही बरं का. टॅब पूर्ण रीसेट करायचा, आणि अगदी पहिल्या स्वागताच्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टॅप करायचं, क्यूआर स्कॅनर उघडतो, एमडीएमने दिलेला क्यूआर त्याला दाखवायचा. असं केलं की टॅब शाळेच्या ताब्यात येतो. मग भाषा बदलणं, खातं जोडणं, रीसेट, कॅमेरा, सगळं बंद करता येतं आणि किऑस्क मोडमध्ये ठरलेली ॲपच दिसतात. नियम एकदा लागले की नेट नसलं तरी लागू राहतात, बदल करायचा तेव्हाच नेट लागतं. टॅबवर कोणाचं जीमेल टाकायची गरजही राहत नाही, ॲप एमडीएमला जोडलेल्या संस्थांसाठीच्या प्ले स्टोअरमधून जातात, म्हणजे तुमचा एका खात्याचा आणि फोटोचा दोन्ही प्रश्न सुटतात.

एमडीएमचं स्वतःचं खातं मात्र शाळेच्या नावाच्या ईमेलवर उघडा, रिकव्हरीला शाळेचा नंबर द्या, आणि पासवर्ड व बॅकअप कोड कागदावर लिहून एचएमच्या तिजोरीत ठेवा. सुरू करायच्या आधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये अबाउटवर जाऊन डिव्हाइस सर्टिफाइड लिहिलंय का ते पाहा, काही स्वस्त टॅबवर ते नसतं आणि मग यातलं बरंच चालत नाही.

जे दोन अडकलेत ते चोरीच्या टॅबसाठी केलेलं कुलूप आहे, बटणं दाबून रीसेट केलं की ते लागतंच. त्याला आधीचंच खातं लागेल. सर सुट्टीत नागपूरला येतील तेव्हा समोर बसवून लॉगिन करून घ्या, आणि पासवर्ड त्याच दिवशी बदलायला लावू नका, बदलल्यावर २४ तास थांबावं लागतं. बाकीचे बारा टॅब आत्ता उघडतायत ना, त्यांच्यावरून आधी खातं काढा, मग सेटिंगमधून रीसेट करा, म्हणजे कुलूप लागणारच नाही.

प्रतिसाद

ताई, चार्जिंगचं मी सांगतो, माझं वायरिंगचं काम आहे. घाबरायचं कारण नाही, एक टॅब १० वॅट धरला तरी १४ चे १४० वॅट, म्हणजे छताचे दोन पंखे. बोर्ड जळतो तो लोडमुळे नाही, ढिल्या प्लगमुळे आणि एकावर एक लावलेल्या अडॅप्टरमुळे. चांगल्या कंपनीचे जास्त पोर्टवाले यूएसबी चार्जर दोन घ्या आणि घेताना पोर्ट किती ते नाही, एकूण वॅट किती ते वाचा, तो आकडा सगळ्या पोर्टांत वाटला जातो.

टॅब एकावर एक रचून बंद लोखंडी कपाटात चार्ज करू नका. इतवारीतून स्टीलचं ताटाळं आणा, एकेका खाच्यात एकेक टॅब उभा राहतो, मधून हवा खेळते, आणि एक कमी असला तर लांबून दिसतं. प्रत्येक खाच्याला आणि टॅबला तोच नंबर.

आणि उन्हाळ्याचं लक्षात ठेवा. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आपल्या विदर्भात जूनच्या शेवटाकडे जातात, म्हणजे टॅब तेवढे दिवस बंद खोलीत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की स्लॅबखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट हात लावू देत नाही, आणि बॅटरीला गरमी आणि पूर्ण चार्ज हे दोन्ही एकत्र लय वाईट. साधारण ५० टक्के चार्ज करून पूर्ण स्विच ऑफ करा, तळमजल्यावरच्या थंड खोलीत ठेवा, मध्ये एकदा काढून थोडं चार्ज करा. स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर बॅटरी फुगली समजा, तो दाबून बसवू नका, चार्जही करू नका, वेगळा ठेवा.

प्रतिसाद

नेटचं उत्तर कोलिब्री, म्हणजे इंटरनेटशिवाय धडे आणि सराव चालवायचं फुकट सॉफ्टवेअर. शाळेत एखादा लॅपटॉप असेल तर त्यावर टाका, गणिताचे व्हिडिओ आणि सराव एकदा उतरवून घ्या. एक साधा वायफाय राउटर वर्गात न्या, त्याला इंटरनेट नसलं तरी चालतं, टॅब त्या राउटरला जोडायचे आणि ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता टाकायचा. पोरांना बिनापासवर्डचं लॉगिन देता येतं, नुसतं आपलं युजरनेम टाकलं की झालं. कोणी किती सोडवलं ते तुम्हाला लॅपटॉपवर दिसतं. हॉटस्पॉटला टॅब जोडले जात नाहीत कारण बऱ्याच फोनमध्ये आठ-दहाच्या वर जोडण्याची परवानगीच नसते.

धागाकर्तीचं उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. प्ले स्टोअरमध्ये पाहिलं, सर्टिफाइड आहे. बारा टॅबवरून खातं काढून शनिवारी अर्धी शाळा झाली की आम्ही दोघी बसून एमडीएमला जोडणार, आधी एकच पूर्ण करून पाहू मग बाकीचे. शाळेच्या नावाचं ईमेल एचएम सरांनी माझ्यासमोर उघडलं. ताटाळ्याचं शिपाई काकांना सांगितलं तर त्यांनी लगेच कपाटाच्या फळीचं माप घेतलं.

वाटप असं ठरवलं आहे की हजेरी क्रमांक १ ते ३ चा टॅब कायम एक नंबरचा, ४ ते ६ चा दोन नंबरचा. बिघडलं तर कोणत्या गटाकडे होता ते कळेल, आणि तिघांत हातात धरणारा दर दहा मिनिटांनी बदलायचा, नाहीतर पुढे पुढे करणारा पोरगाच पूर्ण तास धरून बसते.

एकच विचारायचं राहिलं. लॅपटॉप शाळेचा एकच आहे आणि ऑफिसच्या कामालाही तोच लागते, ४ जीबी रॅम आहे. त्यावर कोलिब्री चालवून एका वेळी १४ टॅब व्हिडिओ पाहू शकतील का, की व्हिडिओ टॅबवरच उतरवून ठेवून सरावापुरतं कोलिब्री वापरू? ज्यांनी प्रत्यक्ष वर्गात चालवलं आहे त्यांनी सांगा, राउटर घ्यायला एचएम सरांकडे सोमवारी अर्ज द्यायचा आहे.